समोर बसलेला माणूस

माणूस समोर बसवून चित्र काढावे की नाही, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उसळतो आणि दर वेळी वस्त्रापाशी येऊन अडतो. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट २०१७ साली गोव्याच्या महोत्सवातून वगळण्यात आला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थ्यांपुढे बसून मुलाला शिकवणाऱ्या एका आईची ती कथा. २०१८ साली चित्रपट सर्वत्र लागला, आणि आभाळ काही कोसळले नाही. वास्तविक त्या शाळेत ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी हा वर्ग १९२० च्या सुमारास सुरू केला; म्हणजे गोष्ट शंभर वर्षांची जुनी.

आपल्या बडोद्याचे दुखणे निराळे. २००७ च्या मे महिन्यात कलाविद्याशाखेत परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून चंद्रमोहन या विद्यार्थ्यास अटक झाली आणि त्याची बाजू घेणारे प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. तो वाद देवादिकांच्या चित्रणाचा होता, मॉडेलचा नव्हे. पण परीक्षेची मांडणी म्हणजे जाहीर प्रदर्शन नव्हे, एवढा विवेकही त्या गदारोळात उरला नाही. माझे वडील दरबारी गवई. शागिर्दाच्या रियाजावरून मैफलीचा निवाडा करणारा माणूस आमच्या घरी कोणी पाहिला नव्हता. विवस्त्र मॉडेलचा वर्ग बंद दाराआड, त्या व्यक्तीच्या राजीखुशीने आणि रास्त मेहनतान्यावर चालावा. तेथे बाहेरच्याचे काम नाही. मात्र कपड्यातला माणूस चौकात, देवळाच्या पायरीवर, फलाटावर रेखाटण्यात आडपडदा कशाला? बेंद्रे मास्तरांच्या या गावात वही घेऊन स्टेशनवर बसलेली मुले कोणाला नवी नाहीत.

हे सारे मनात येण्यास निमित्त झाले सुरतेचे नवागाम. तेथे एका आप्तांकडे चार दिवस राहिलो. ताप्ती लाइनने जळगाव-धुळ्याकडून आलेली आपली माणसे त्या बाजूस गल्लोगल्ली आहेत. यंत्रमागावर नाही तर रंगाईच्या मिलमध्ये राबणारी. शेजारचा आठवीतला मुलगा चित्र काढीत होता. दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी. मोबाइलवरून हुबेहूब उतरवलेले. त्याची आई तीन हातांवर साडीला खडे चिकटवीत बसलेली, मान खाली, उजवा हात तेवढा हलतो. तासन्‌तास तीच बैठक. याहून उत्तम मॉडेल कोणत्या कलाशाळेला मिळेल? मी म्हटले, “अरे, आईचं काढ की.” तो हसला. “आईचं काय काढायचं, काका? ती तर कामाला बसलीय.”

हा मुलाचा दोष नव्हे. त्याला कोणी बघायला शिकवलेलेच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तेथे कलेसाठी अर्धवेळ शिक्षक सांगितला आहे. त्याच्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताचे मास्तर घेतात. आवाज समोर असल्याखेरीज सूर लागत नाही, हे मी रोज वर्गात पाहतो. चित्राचेही तसेच असावे. चित्रावरून चित्र काढणाऱ्याला पाठीचा बाक, दमलेल्या खांद्याचे वजन कधी हाताला कळणार नाही.

आपण जुने बडोदेकर नवागामच्या मंडळींना जरा लांबूनच पाहतो, हे कबूल केले पाहिजे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले ते कारागिरांच्या मुलांसाठी, आणि त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे सुरतेचेच. त्या ऋणाची थोडी फेड येथील निवृत्त चित्रकला शिक्षकांना करता येईल. महिन्यातून एक रविवार, नवागामचा एखादा चौक, पंचवीस वह्या आणि समोर गल्लीतलाच कोणी माणूस. फक्त एक अट पाळावी. त्या मुलाच्या आईला खड्यांचे पैसे साडीमागे मिळतात. तिला तासभर नुसते बसवायचे, तर तेवढ्या वेळात झाल्या असत्या तितक्या साड्यांचे पैसे आधी तिच्या हातावर ठेवावेत.