साथीला कोण होते?

बालगंधर्वांचा विषय निघाला की आपल्याकडे शालू, अत्तरे आणि त्या आवाजाबद्दल बोलणे सुरू होते. साथीला कोण होते, हे सहसा कोणी विचारत नाही. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत काही वर्षे तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर उस्ताद कादरबक्ष अशी जोडी होती. जोडीला ऑर्गन, म्हणजे पायाने भाता मारायची पेटी. ज्या नाट्यसंगीताला आपण मराठी माणसाचा खास ठेवा म्हणतो, त्याचे सूर आणि लय रोज रात्री हे दोन उस्ताद सांभाळत होते.

'पाहा, आमचेही योगदान आहे' असे म्हणण्यासाठी मी हे लिहीत नाही. योगदानाच्या याद्या आपल्या सभांमध्ये पुष्कळ वाचल्या जातात आणि चहा आला की विसरल्या जातात. मला शिक्षक म्हणून पडणारा प्रश्न वेगळा आहे. अशी माणसे तयार कशी होतात? त्यांना शिकवतो कोण, आणि शिकण्याच्या वर्षांत त्यांचे पोट कोण भरतो?

थिरकवा मूळचे मुरादाबादचे. वडील हुसेनबक्ष सारंगी वाजवत. मुलाने आधी गाण्याचे आणि सारंगीचे धडे घेतले, मग मुनीर खाँचा तबला ऐकला आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा शागिर्द झाला. म्हणजे हा तबलजी गाणे शिकलेला होता आणि सारंगी त्याच्या घरातच होती. साथीदाराला दुसऱ्याचे काम आतून ठाऊक असावे लागते, ते असे. बोटे तबल्यावर थिरकतात म्हणून 'थिरकवा' हे नाव पडले आणि खरे नाव मागे राहिले. पुढे रामपूर दरबार, मग लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापन, १९७० साली पद्मभूषण. १९७६ मध्ये लखनौला इंतकाल झाला. आपल्याकडच्या शिष्यांमध्ये जगन्नाथबुवा पुरोहित आणि भाई गायतोंडे ही नावे घेतली की त्यांचा मराठी मुलखाशी असलेला संबंध ध्यानात येतो.

इथे एका शब्दाजवळ थांबतो. आमच्या उर्दू शाळेत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत नाटकाची तालीम होते आणि पैलवानही तालमीत जातो. मुलांना हे सांगितले की ती हसतात. पण उस्तादाकडची तालीम या तिन्हींसारखी असते: पाठ घ्यायचा, तो पुन्हापुन्हा घोटायचा आणि अंगात मुरवायचा. घाई केली की पाठ कच्चा राहतो.

सारंगीचे काम तर फारच अवघड. मुख्य तारा तातीच्या, आणि खाली गुंजणाऱ्या तीसहून अधिक तरफा. त्या सगळ्या जुळवता जुळवता मैफलीची वेळ होते. डाव्या हाताची बोटे तार वरून दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी असलेली त्वचा तारेला बाजूने टेकवतात. नवशिक्याची बोटे सोलून निघतात. सूर कुठे आहे हे दाखवणारी पट्टी नाही, पडदा नाही, फक्त कान. पायपेटीचे उलटे. तिची पट्टी दाबली की ठरलेला सूर येतो, तो ना चढवता येतो ना उतरवता. गायक मींड घेतो तेव्हा सारंगी त्याच्या मागोमाग सरकते, पेटीला एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारावी लागते. तरी दोन्ही एकाच गाण्यात नांदवायची, म्हणजे प्रत्येकाने स्वतःपेक्षा दुसऱ्याला जास्त ऐकायचे.

एवढी मेहनत करूनही सारंगियाला इज्जत बेताचीच मिळाली. कोठ्यांशी नाते जोडले गेल्यामुळे पुष्कळ सारंगियांच्या मुलांनी गाणे धरले, आणि पेटी शिकायला सोपी म्हणून मैफलीत तिने सारंगीची जागा घेतली. पंडित रामनारायण यांनी १९५४ साली मुंबईत एकट्याची सारंगी ऐकवायचा प्रयत्न केला तेव्हा श्रोत्यांनी ती ऐकून घेतली नाही. दोन वर्षांनी पुन्हा बसले, तेव्हा ऐकली. नंतर त्यांनी आणि त्यांचे तबलजी बंधू चतुरलाल यांनी मिळून युरोप गाजवला. सारंगी आणि तबला, दोन सख्खे भाऊ.

भावंडांची अशीच एक जोडी आज इंग्लंडात आहे. शेकू कॅने-मेसन चेलो वाजवतो. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचे चार तारांचे वाद्य, सारंगीच्या नात्यातले म्हणा. थोरली बहीण इसाटा पियानो वाजवते. ही सात भावंडे नॉटिंगहॅमची. आई मूळची सिएरा लिओनची, विद्यापीठात शिकवायची. वडिलांचे घराणे अँटिग्वाचे. मुले साध्या सरकारी शाळांत शिकली आणि दर शनिवारी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकच्या मुलांसाठीच्या वर्गाला गेली. २०१६ साली शेकू बीबीसीचा 'यंग म्युझिशियन' ठरला. १९७८ पासूनच्या त्या स्पर्धेतला तो पहिला कृष्णवर्णीय विजेता. २०१८ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्यातल्या लग्नात वाजवल्यावर जगाने त्याला पाहिले. २०२१ साली बहीणभावाचा 'म्यूझ' हा अल्बम आला. त्यातल्या रॅखमॅनिनॉव्हच्या सोनाटात पियानोला नुसती साथ करून भागत नाही. तिथे दोघे बरोबरीचे.

लोक याला 'टॅलेंट' म्हणून मोकळे होतात. मला मात्र त्यात शिष्यवृत्ती दिसते, उसनवारीने मिळालेला तीनशे वर्षांपूर्वीचा चेलो दिसतो आणि दर शनिवारी पहाटे मुलांना उठवणारे आईवडील दिसतात. शेकूने नंतर आपल्या जुन्या शाळेला देणगी दिली, ती तिथल्या मुलांचे चेलोचे तास बंद पडू नयेत म्हणून. कमी काय पडते, हे त्याला नेमके ठाऊक होते.

आता हिंगोलीकडे येतो. आमच्या जिल्ह्यात नर्सी आहे, नामदेवांचे गाव. टाळ-मृदंग इथल्या मातीत आहे. लग्नाच्या वरातीत बँड वाजवणारे कितीतरी आपल्याच मोहल्ल्यांतले होते. सहावीतला माझा एक विद्यार्थी बाकावर असा ठेका धरतो की शेजारचा वर्ग थांबतो. त्याचे आजोबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वडिलांशी बोललो तर म्हणाले, "सर, बाजा बजाके पेट भरता क्या? अब तो डीजे है." त्या माणसाला मी काय शिकवू? उपाशी दिवस त्याने पाहिलेत.

दुसरा आक्षेप दीनच्या नावाने येतो. वाद्यांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो मसला सोडवायची माझी लायकी नाही. पण चिश्ती खानकाहांत समा होत आला आहे, आणि मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन झालेल्या अब्दुल करीम खाँसाठी उरुसात दरवर्षी गवई हजेरी लावतात. शिवाय ज्या लग्नात डीजेने भिंती हलतात तिथे कोणी उठून जात नाही, आणि पोरगा तबला शिकायला निघाला की सगळ्यांना मसला आठवतो. हे मला पटत नाही.

थिरकवांना दरबार मिळाला, नाटक मंडळी मिळाली, महाविद्यालय मिळाले. कादरबक्षांची सारंगी मंडळीच्या पगारावर चालली. दरबार गेले, मंडळ्या बुडाल्या. माझ्या विद्यार्थ्यासाठी उरते ती शाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायची तरतूद आहे. वेळापत्रकात कलेचा तास असतो, प्रत्यक्षात त्यात गणिताची उजळणी होते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मोठ्या गावांतली मुले देतात आणि दहावीला त्याचे वाढीव गुण घेतात. उर्दू शाळांतल्या किती पालकांना हे सांगितले जाते?

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मागणार आहे: एक जुनी पण सुरात असलेली पेटी, एक तबल्याची जोडी, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास एक खोली उघडी. शिकवणारा हिंगोलीतच आहे, भजनी मंडळात वाजवतो, यायला तयार आहे. त्याच्या मानधनासाठी शिक्षकांनी वर्गणी काढायची की जमातकडे शब्द टाकायचा, एवढेच ठरायचे आहे. त्या मुलाच्या वडिलांनाही बैठकीला बोलावले आहे.