शिकवण्याचा अधिकार कुणाचा?

चंदिगडमधील सेक्टर १७ च्या चौकात रविवारी आम्ही काही ख्रिस्ती बाया बसतो. मी मराठी, बाकीच्या पंजाबी. बहुतेक दलित घरांतल्या. चर्चमधली झाडलोट आमची, गाणी आमची, प्रवचन मात्र पुरुषाचं. का? तर म्हणे, ‘बाईने पुरुषाला शिकवू नये.’

हे जुनंच तुणतुणं. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विचार निघताच लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हा मुलूख तेव्हा त्यांच्याच धर्मप्रांतात होता. रमाबाईंनी मान तुकवली नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणून आपली विवेकबुद्धी कुणाच्या हवाली केलेली नाही, हे त्यांनी पत्रांतून बजावलं. १८८५ साली जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

पुढे याच बाईने हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. आणि तेच बायबल दाखवून आम्हाला गप्प करता?

जन्मावरून ज्ञानाचा अधिकार ठरवणं ही मनूची रीत. ती सोडण्यासाठीच आमच्या पूर्वजांनी धर्म बदलला होता. येशू उठल्याची बातमी शिष्यांना पहिल्यांदा बाईनेच सांगितली. तेव्हा कुणाची परवानगी घेतली होती?