व्हिसा रद्द, मग शिक्षणही रद्द?

२०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अचानक रद्द केल्या. तेथील इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेकडे आलेल्या ३२७ तक्रारींपैकी सुमारे निम्म्या भारतीय विद्यार्थ्यांच्या होत्या. बाजू मांडण्याची संधी अनेकांना मिळालीच नाही.

यवतमाळला हा प्रश्न दूरचा वाटेल. पण राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीकडे, आदिवासी विकास विभागाच्या शिष्यवृत्तीकडे आपल्या जिल्ह्यातल्या मुलीही आशेने पाहतात. त्यांच्यापैकी एखादीवर हा प्रसंग आला तर घरात काय होईल? मुलगा असेल तर वकील शोधला जाईल. मुलीला निरोप जाईल, ‘परत ये, पुरे झाले शिक्षण.’ आणि लगेच स्थळे पाहणे सुरू होईल. आमचा विरोध आहे तो याला.

म्हणून आधी कायदा समजून घेऊ. व्हिसा म्हणजे देशात शिरण्याचा परवाना. तेथे राहून शिकण्याचा दर्जा वेगळा. अमेरिकेत नुसता व्हिसा रद्द झाला आणि विद्यार्थिनीची नोंद कायम असली, तर शिक्षण चालू राहू शकते. पण एकदा देश सोडला की नव्या व्हिसाशिवाय परतता येत नाही. व्हिसा रद्द करण्यावर तेथे साधे अपील नाही. नोंद रद्द झाल्यास मात्र न्यायालयात दाद मागता येते. एप्रिल २०२५ मध्ये मिशिगनमधल्या चार विद्यार्थ्यांनी नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या मदतीने तशी दाद मागितली. देशभर असे अनेक दावे दाखल झाले, न्यायाधीशांनी स्थगिती दिल्या. अखेर २५ एप्रिलला नोंदी पूर्ववत करत असल्याचे सरकारला न्यायालयात सांगावे लागले. ब्रिटनमध्ये व्हिसा नाकारल्यास विद्यार्थ्यांना फेरतपासणी मागता येते, देशाबाहेरून २८ दिवसांत, देशात असल्यास १४ दिवसांत. मुदत टळली की तो हक्कही गेला.

आपल्याला हे नवे नाही. जातपडताळणी समितीने दावा फेटाळला तर अपील नाही, थेट उच्च न्यायालयात जावे लागते. त्यासाठी आपल्याकडची माणसे नागपूर खंडपीठाच्या पायऱ्या झिजवतात. तोच धीर इथेही लागेल.

शासन शिष्यवृत्ती देऊन पाठवते, तर संकटात वकिलाचा खर्चही त्यानेच द्यावा. निकाल लागेपर्यंत शिष्यवृत्ती थांबवू नये, जामीनदारांच्या मागे लागू नये. बँकांनीही तोवर हप्त्यांचा तगादा लावू नये. ही मागणी आपण समाजकल्याण आणि आदिवासी प्रकल्प कार्यालयांत लेखी नेली पाहिजे.

आणि मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आईवडिलांना एवढे जरूर सांगा : मुलीचा फोन आला तर आधी नोटीस नीट वाचून घ्या, तारीख लिहून ठेवा, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला आणि वकिलाला विचारल्याशिवाय तिला विमानात बसवू नका. कागद रद्द झाला असेल. तिचा शिकण्याचा हक्क नाही.