खरी पदयात्रा कोणाची?

भस्म बुधवार उलटला की आपल्या धर्मग्रामांत पदयात्रेची तयारी सुरू होते: झेंडे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. जव्हार-मोखाड्यात याच दिवसांत विहिरी तळ गाठतात. हंडाभर पाण्यासाठी आदिवासी माउली डोंगर उतरते. तिच्या या रोजच्या पदयात्रेला ना झेंडा, ना भजन. मोखाड्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मात्र मुंबईच्या नळांना मिळते. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेही आपण विसरलो.

‘चालण्याचे कष्ट हेच आमचे प्रायश्चित्त’, असे कोणी म्हणेल. नाही! भुकेल्याला भाकर न देणारा उपवास देवाला मान्य नाही, असे यशया संदेष्ट्याने बजावले आहे. बंधुभगिनींनो, यात्रेचा निम्मा खर्च तेथील विहिरींसाठी बाजूला काढा. अन्यथा पायांना फोड येतील, हृदयाला पाझर फुटणार नाही.