नागपूरला मोटारसायकलवर जाताना



विजयादशमी जवळ आली की आमच्या देवणीच्या वस्तीत एकच चौकशी सुरू होते, "यंदा नागपूरला कसं जायचं?" एस.टी.ला गर्दी, रेल्वेला त्याहून जास्त. म्हणून तरुण जोडपी सरळ मोटारसायकल काढतात. उदगीर, नांदेड, उमरखेड, यवतमाळ, वर्धा असा साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. जाण्याला माझा विरोध नाही, मीही गेलो आहे. पण सामान कसे बांधतात ते पाहिले की काळजी वाटते. आमची देवणी बैलांसाठी प्रसिद्ध आहे. ओझे बैलाला शोभते, मोटारसायकलला नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काय झाले ते सांगतो. मी बी.कॉम. झालेला कारकून, दिवसभर आकडे जुळवणारा. पण सामानाचा हिशेब साफ चुकला. स्टोव्ह, पीठ, सतरंजी, भांडी असे सगळे एका पिशवीत कोंबून सुतळीने मागे बांधले. हदगाव ओलांडल्यावर जळका वास आला. गाठ सैल होऊन पिशवी सायलेन्सरवर टेकली होती. पत्नीची नवी पांढरी साडी तळहाताएवढी जळाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपले आजी-आजोबा पांढऱ्या कपड्यांत दीक्षेला उभे राहिले, म्हणून तिने वर्षभर पैसे साठवून ती साडी घेतली होती. जळका भाग निऱ्यांत दडवून तिने बुद्धवंदना घेतली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

त्यानंतर तिनेच जाड ताडपत्रीची पडशी शिवली. जुनी माणसे खांद्यावर टाकायची तशी, दोन्ही बाजूंना कप्पे असलेली. ती सीटवर आडवी टाकायची. जड वस्तू कप्प्यांच्या तळाशी, दोन्हीकडे वजन सारखे. सायलेन्सरच्या बाजूचा कप्पा आखूड ठेवायचा. बांधायला सुतळी नको, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घ्या, त्या ताण धरतात. हँडलला काहीही लटकवू नका, गाडी वळत नाही. पांढरे कपडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, कारण परतीचा पाऊस सांगून येत नाही. ताईंनी प्रवासात ड्रेस घालावा आणि साडी तिथे पोहोचल्यावर नेसावी. साडीच नेसायची तर पदर कमरेला घट्ट खोचावा. चाकात पदर अडकून बायका दगावल्या आहेत.

आता हेल्मेटचे. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागे बायको उघड्या डोक्याने, तिच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीवर लेकरू, हे चित्र मी दरवर्षी पाहतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार चालकामागे एकच माणूस बसू शकतो आणि हेल्मेट दोघांनाही हवे. लेकरू असेल तर दादा, बसनेच जा. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले आणि आपण बायकोच्या हेल्मेटचे पैसे वाचवतो!

पाण्याच्या दोन बाटल्या हाताशी ठेवा, पडशीच्या तळाशी नकोत. १९०१ साली लहानगे भीमराव घरातल्या इतर मुलांसोबत वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनपासून पुढे बैलगाडी होती. सोबत खाण्याचा डबा भरलेला होता. पण जात कळल्यावर पाणी कोणी दिले नाही, आणि अन्न जवळ असून मुले उपाशी झोपली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहिले आहे. मी बाटली भरताना मला ते दरवेळी आठवते.

खाण्यासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पुरे. दीक्षाभूमीवर अनेक संस्था भोजनदान करतात, स्टोव्ह-पीठ घरीच राहू द्या. क्लच वायर, प्लग, पाना, मागच्या चाकाची ट्यूब, लायसन्स, गाडीची आणि विम्याची कागदपत्रे घ्या. निघण्याआधी चेन आणि हवा तपासा. पहाटे निघा आणि दिवस मावळला की यवतमाळला थांबा. रात्री गाडी चालवू नका. आणि सुरामेरय वर्ज्य आहे हे वाटेतल्या ढाब्यावरही लक्षात असू द्या.

एक कप्पा मात्र जाताना रिकामा ठेवा. लोक हसतात, "रिकामी पिशवी कशाला नेता?" म्हणून. दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्या पहिल्या खेपेला आम्ही बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे दोन खंड घेतले आणि ठेवायला जागाच उरली नाही. पत्नीने ते नांदेडपर्यंत मांडीवर धरले. घरी उतरली तेव्हा तिला पाय सरळ करता येईनात. आता सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूचा कप्पा पुस्तकांचा. यंदा मुलीने तिच्या पुस्तकांची यादी आतापासूनच त्यात टाकून ठेवली आहे.