वाढे फुकटचे, वासरू मात्र महागात



गटात फिरताना एखादा सभासद विचारतोच, "साहेब, ऊस चांगला येतोय, पण वासरं किरकुडी निघत्यात. काय करावं?" प्रश्न जनावरांच्या डॉक्टरांचा खरा, पण त्याचे निम्मे उत्तर उसाच्या फडात आहे. म्हणून आज लागणीचा विषय बाजूला ठेवतो.

हंगाम सुरू झाला की गव्हाणीत वाढेच वाढे. जनावर आवडीने खाते, पोट भरते. पण वाढ्यात ऑक्झलेट असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि बरेचसे कॅल्शियम शेणावाटे वाया जाते. स्फुरदही वाढ्यात कमीच. वासराच्या हाडाला नेमके हेच दोन्ही लागतात. गाय सुमारे 280 दिवस गाभण असते आणि वासराची खरी वाढ शेवटच्या 3 महिन्यांत होते. गव्हाणीतून मिळाले नाही तर गाय स्वतःच्या हाडातून देते. मग ती खंगते, व्याल्यावर दूध कमी देते, माजावर उशिरा येते. वासराचीही वाढ खुंटते.

चूक आमचीही आहे. वाढे म्हणजे फुकटचा चारा, असे आम्हीच सांगत आलो. उसासाठी माती परीक्षण करून खत मोजणारे आपण, गाय आटवली की "आता दूध देत नाही" म्हणून तिची पेंड बंद करतो. आमच्या मते गोठ्यातला मोठा तोटा इथेच होतो.

गाभण गाय नुसत्या वाढ्यावर ठेवू नका. जोडीला कडबा आणि लसूणघास द्या. वाढ्याची कुट्टी करून तीवर चुन्याची निवळी शिंपडा. सातव्या महिन्यापासून रोज सुमारे 50 ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून द्या. 3 महिन्यांत जेमतेम साडेचार किलो लागते. नुसते मीठ म्हणजे खनिज मिश्रण नव्हे. विण्याच्या तोंडावर कॅल्शियमच्या बाटल्या मनाने पाजू नका, त्याने व्याल्यावर दुग्धज्वराचा धोका उलट वाढतो. शेवटच्या 2-3 आठवड्यांत काय द्यावे ते डॉक्टरांना विचारा.

बेणेमळ्याला आपण जादा खत देतो, कारण पुढचा फड त्यावरच उभा राहतो. गाभण गाय हा गोठ्याचा बेणेमळाच आहे. तिथे हात आखडू नका, एवढेच आमचे सांगणे.

— ऊस विकास अधिकारी