घरचा रक्तदाब आणि दवाखान्यातील रक्तदाब

दवाखान्यात मोजलेला रक्तदाब एक आणि घरी मोजलेला दुसरा, असा अनुभव पुष्कळांस येतो. या विषयावरील एका इंग्रजी पुस्तिकेचे भाषांतर करीत असता प्रस्तुत लेखकाने दवाखान्यातील आकड्यास 'खोटा' व घरच्या आकड्यास 'खरा' असे शब्द योजले होते. मुळात ते नव्हते; मराठी वाक्य ठसठशीत व्हावे एवढाच मोह. मुद्रिते तपासताना ते खोडावे लागले.

रक्तदाब ही उंचीसारखी स्थिर राशी नव्हे. झोपेत तो उतरतो, जिना चढताना चढतो, नुसते बोलू लागले तरी वाढतो. १८९६ साली इटलीतील तुरीन येथे स्किपिओने रिवा-रोची यांनी दंडाभोवती गुंडाळावयाचा पट्टा व पाऱ्याची नळी यांचे साधन सिद्ध केले. १९०५ साली रशियातील निकोलाय कोरोटकॉव यांनी पट्ट्याखालील धमनीचे ध्वनी ऐकण्याची रीत सांगितली. या रीतीने कळतो तो त्या घटकेचा दाब.

आणि ती घटकाच निराळी असेल तर? १९८३ साली मिलान येथील ज्युझेप्पे मांचिया व त्यांचे सहकारी यांनी रोग्यांच्या धमनीत बारीक नळी ठेवून रक्तदाब अखंड नोंदविला. डॉक्टर खाटेजवळ येताच वरचा दाब सरासरीने सुमारे २७ व खालचा सुमारे १५ मिलिमीटर पाऱ्याने चढला. एक ते चार मिनिटांत तो शिखरास पोहोचला व मग ओसरू लागला. परिचारिका आली असता होणारी वाढ बरीच कमी असते, असेही याच गटास पुढे आढळले. यास 'पांढऱ्या डगल्याचा परिणाम' म्हणतात. (बिचाऱ्या डगल्याचा यात दोष तो काय!) येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, दाब खरोखरीच वाढला होता; साधन तर धमनीतच होते. दवाखान्यातील आकडा खोटा नव्हे. तो त्या पाच मिनिटांचा आहे. जन्मभराच्या औषधाचा निर्णय मात्र त्या पाच मिनिटांवर सोपविणे योग्य नव्हे.

जपानमधील ओहासामा या गावी १९८७ च्या सुमारास रहिवाशांना घरी रक्तदाब मोजावयास देऊन त्यांचा अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. हृदयविकार व पक्षाघात यांनी येणाऱ्या मृत्यूचा संभव तपासणीच्या वेळच्या आकड्यापेक्षा घरच्या सरासरीवरून अधिक नीट कळतो, असे तेथे दिसून आले. म्हणून रोग्याने आणलेली वही न उघडताच बाजूला सारणारे डॉक्टर चुकतात, असे माझे स्पष्ट मत आहे. सामान्यतः दवाखान्यात १४०/९० व घरी १३५/८५ ही मर्यादा धरतात. उलट प्रकारही असतो: दवाखान्यात आकडा बरा आणि घरी चढलेला. हा झाकलेला रक्तदाब अधिक घातक, कारण त्याची शंकाच कोणास येत नाही.

पण वही प्रामाणिक हवी. माझ्या मामांचा वरचा आकडा दवाखान्यात १६० येई, घरच्या वहीत १३०. यंत्र खरे बोलते, असे म्हणून त्यांनी गोळी आपल्या मनाने बंद केली. एकदा ते मोजीत असता मी शेजारी बसलो होतो. त्यांनी तीनदा मोजले, आणि सर्वांत लहान आकडा तेवढा लिहिला. "मामा, बाकीचे दोन?" असे विचारता म्हणाले, "ते चुकून आले रे."

मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी सात दिवस रीतसर नोंद केली. अर्धा तास आधी चहा-तंबाखू वर्ज्य; पाठ टेकून, पाय न ओलांडता पाच मिनिटे स्वस्थ बसणे; दंडाच्या घेराला साजेसा पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत; मोजताना बोलणे नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, आणि येईल तो प्रत्येक आकडा वहीत. पहिला दिवस वगळून सरासरी काढली, ती १४४ भरली. दवाखान्यापेक्षा कमी, पण घरच्या मर्यादेहून जास्त. गोळी पुन्हा सुरू झाली.